‘गोदावरी’ मचवा, त्यावरची वीज आणि माझ्या घरचा स्वयंपाक

लिहून ठेवणार यज्ञेश्वर विठ्ठल शेट्ये, धंदा खाडीतून मालाची व उतारूंची ने-आण, राहणार महाड, बंदराकडची आळी. वयाची साठी उलटली आहे. पाय सुजतात, ओसरीच्या पायऱ्या चढताना धाप लागते, आणि डॉक्टरांनी ‘काय ती व्यवस्था करून ठेवा’ असे मोघम सांगितले, त्याचा अर्थ मला कळला. डोके ठिकाणावर आहे. हा कागद मी कोणाच्या भिडेने किंवा धाकाने लिहीत नाही. एका गोष्टीची लाज वाटते म्हणून लिहीत आहे, आणि ती गोष्ट तिच्या जागी येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात नुसता मचवा असता.

कलम पहिले. घर. राहते घर, मागची वखार, परसातले माड व विहीर ही मिळकत माझ्या कमाईची आहे, वडिलार्जित काही नाही. ती सर्व माझी पत्नी सौ. गोदावरी हिला जावी. हयातीपुरती नव्हे, पूर्ण मालकीने. तिने विकावी, भाड्याने द्यावी, नाहीतर कुलूप घालून काशीला जावे, कोणी ‘का’ म्हणून विचारू नये. आमच्याकडे विधवेला घर देतात ते ‘मरेपर्यंत राहा’ अशा भाषेत देतात, म्हणजे ती राहते आणि मालक पुतण्या होतो. आम्हांला मूलबाळ नाही. पुतण्या आहे, चिंतामणी, मुंबईला गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम. पोरगा वाईट नाही, पण गेल्या शिमग्याला आला तेव्हा ओसरी पावलांनी मोजत होता. आता वखार मोजायची तसदी त्याने घेऊ नये.

कलम दुसरे. पोस्टात जे काही असेल तेही गोदावरीचे. चिंतामणीला माझी अंगठी व छत्री द्यावी. छत्री चांगली आहे.

कलम तिसरे. मचवा. ‘गोदावरी’ हा मचवा, इंजिन, शीड, नांगर व दोरखंडासह, माझा तांडेल भागोजी, राहणार दासगाव, यास द्यावा. महाडापासून बाणकोटच्या तोंडापर्यंत भरती-ओहोटी सांभाळत त्यानेच तो चालवला. मी इंजिनाशेजारी बसून हुकूम सोडत असे, आणि भागोजी ते ऐकल्यासारखे करून स्वतःला योग्य वाटेल तेच करी. म्हणून मचवा अजून शाबूत आहे.

त्याला सर्व ठाऊक आहे, तरी लिहितो. पाऊस लागण्यापूर्वी मचवा ओढून वर घ्यावा, खाली ओंडके द्यावेत, वर माडाच्या झापांचे छप्पर करावे. बुडाला चिकटलेली कालवे खरवडावीत. फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस उपसून नवा कापूस राळ आणि तेलात भिजवून ठोकावा, वरून डांबर द्यावे. डांबर स्वस्त मिळते म्हणून पातळ घेऊ नये. हे मी दरवर्षी उन्हातान्हात उभा राहून करून घेतले. त्याच वर्षांत माझ्या स्वयंपाकघराचे कौल फुटलेले राहिले आणि पावसात गोदावरी चुलीशेजारी पातेले ठेवून गळती धरत होती, हेही येथेच नोंदवतो.

मचव्याला बायकोचे नाव दिले तेव्हा बंदरावरचे लोक थट्टा करीत, की सावित्री नदीच्या पाण्यात गोदावरी कशी. मला ती थट्टा गोड वाटे. तिचे नाव पाटीवर रंगवले, आता तिच्यासाठी आणखी काही करायला नको, असे मी धरून चाललो.

कलम चौथे. वीज. महाडात अजून वीज नाही. माझ्या मचव्यावर मात्र आहे, हे सगळ्या खाडीला माहीत आहे. घाटात मोडलेल्या एका मोटारीचा डायनामो पोलादपूरच्या मुरारी मिस्त्रीकडून आणला आणि पट्टा घालून इंजिनावर चढवला. पहिल्यांदा तार बारीक घातली, ती तापून उतारूंच्या बसायच्या जागेत जळका वास सुटला आणि एक भटजी सोवळे सावरत पाण्यात उतरायला निघाले. मग जाड तार आणली. पट्ट्याची चाके बदलली. एका बॅटरीने दिवे पिवळे पडत, म्हणून दुसरी घेतली, मग आणखी दोन. डोलकाठीवर एक बल्ब, सुकाणूपाशी एक, उतारूंत एक, इंजिनावर एक. सवच्या गरम झऱ्यांवर सांधे शेकायला जाणारे म्हातारे म्हणत, ‘शेटजी, तुमच्या मचव्यात दिवाळी आहे.’ हे ऐकायला मिळावे म्हणून मी पुष्कळदा उतारूंत जाऊन बसे.

मुरारी मिस्त्रीने मला दिलेल्या बॅटऱ्यांपैकी एकीच्या आतल्या पट्ट्या कुजलेल्या होत्या. नवी म्हणून दिली. तोंडावर सांगितले तर म्हणाला, तुमच्या पाण्याचा दोष. तिच्या जागी मी दुसरी घेतली, पण ती बॅटरी जपून ठेवली आहे. माझ्या मागे ती त्याच्या दुकानात नेऊन ठेवावी, ती मी त्याला मृत्युपत्रान्वये देतो.

पाण्याचा दोष नव्हता. बॅटरीत पावसाचे स्वच्छ पाणी घालावे लागते, आणि ते धरायला मी गोदावरीची लोणच्याची मोठी बरणी नेली होती. टोकांवर हिरवी बुरशी चढते, ती धुवायला तिचा खायचा सोडा नेला, पुसायला तिचे मऊ झालेले लुगडे नेले, आणि वर माखायला तिने कढवलेले तूप नेले. व्हॅसलीन माखायचे असते हे मला माहीत होते. पण तूप घरात होते. त्या वर्षी लोणचे कशात घातले, हे मी विचारले नाही. घरातला एकुलता चांगला कंदील विजेच्या आधीच मचव्यावर गेला होता. वीज आल्यावर तो परत आणावा हेही सुचले नाही. तो अजून मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, गंजत लोंबतो आहे आणि घरात गोदावरी टिनाच्या चिमणीच्या उजेडात स्वयंपाक करते आहे.

कलम पाचवे. ज्याची लाज वाटते ते आता लिहितो.

यंदा मचवा वर घेतल्यावर बॅटऱ्या वखारीत ठेवायच्या होत्या. भागोजी म्हणाला, “शेट, हितं नाय ठेवायच्या. वखार गळतेय, उंदीर बी हायत. घरात कोरडी जागा एकच हाय, वहिनींच्या चुलीमागं, तितं धग असते.” म्हणून बॅटऱ्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या कोरड्या राहाव्यात म्हणून गेल्या, बायकोला दिसावे म्हणून नव्हे.

संध्याकाळी, बॅटऱ्यांत जीव आहे का हे बघायला भागोजीने बल्ब जोडून खुंटीला अडकवला आणि तो घरी गेला. माझे जेवण नेहमीप्रमाणे माजघरात झाले होते. मी बल्ब बघायला आत गेलो. लग्नापासून मी त्या खोलीत अंधार पडल्यावर पाऊल टाकले नव्हते.

भिंती मुळात काळ्याच आहेत अशी माझी समजूत होती. ते काजळ होते, आणि त्यावर तिचे डोके जिथे टेकते तिथे एक उजळ गोल पडला होता. ती त्या गोलाखाली जेवत बसली होती. ताटात भाताची खरवड, वर पातेले विसळून काढलेले आमटीचे पाणी, कडेला मीठ. मला त्या दिवशी वाटाण्याची उसळ होती, वर खोबरे होते, मी दोनदा मागून घेतली होती.

तिने पदर ताटावर ओढला.

“विझवा तो,” ती म्हणाली. “मला कसंसंच होतंय.”

मी विचारले, “हेच जेवतेस?”

“आज उसळ संपली.”

“आणि काल?”

ती म्हणाली, “अहो, उजेड नव्हता तेव्हा बरं होतं. कोणी बघत नव्हतं. आता विझवा ना.”

मी विझवला. खरे तर तिच्यासाठी विझवला नाही. मलाच तिच्यासमोर उभे राहवेना. माझ्या घरात माझी बायको उरलेसुरले खाते याची लाज तिला वाटावी, आणि मी पोट भरून उभा. मी माणसांना सांगत आलो की माझ्यामुळे खाडीत उजेड पडला. त्या दिवसापासून बंदरावर कोणी ‘वीजवाले शेट’ म्हणून हाक मारली की मी मान खाली घालतो, आणि त्यांना वाटते आजाराने वाकलो.

कलम सहावे. दिव्याची व्यवस्था. डायनामो मचव्यावर राहील, पण चारही चालत्या बॅटऱ्या व सर्व बल्ब गोदावरीच्या मालकीचे. दोन बॅटऱ्या मचव्यावर भरत असाव्यात आणि दोन घरात दिव्यांना जोडलेल्या असाव्यात. मचवा बंदराला लागला की भागोजीने रित्या घेऊन जाव्यात, भरलेल्या आणून द्याव्यात. पावसात मचवा वर घेतलेला असला तरी अधूनमधून इंजिन चालवून बॅटऱ्या भराव्यात. मचवा त्याला दिला आहे तो या अटीवर. डोलकाठीवर त्याने तेलाचा दिवा टांगावा.

माझ्या मृत्यूनंतर गोदावरीला कोपऱ्यात बसवू नये, एकभुक्त राहायला सांगू नये. माझ्या मृत्यूनंतर तिने रोज दिव्याच्या उजेडात, पाटावर बसून, ताजे व पुरेसे जेवावे. दिवसकार्याला पहिले पान तिचे वाढावे. भटजींनी हरकत घेतली तर त्यांना दक्षिणा दुप्पट द्यावी, हरकत राहणार नाही.

पुरवणी. येथवरचा मजकूर काल संध्याकाळी ओसरीवर वाचला गेला. वाचणारे वासुदेव मास्तर, शाळेतून निवृत्त, माझे शेजारी. दुसरे साक्षीदार सवचे येसाजी सावंत. भागोजीला मचवा मिळणार, त्यामुळे त्याची साक्ष चालत नाही. तो पायरीवर बसून ऐकत होता. गोदावरी दाराआड उभी होती.

पाचवे कलम चालू असताना कोणी कोणाकडे पाहिले नाही. सहावे संपले तेव्हा मला वाटले, चला, आता तरी मी काही बरे केले. गोदावरी दाराआडून मास्तरांना म्हणाली, “भाऊजी, ते शेवटचं पुन्हा वाचा.”

मास्तरांनी वाचले.

“म्हणजे हे गेल्यावर मी उजेडात जेवायचं,” ती म्हणाली. “आणि तोवर?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. येसाजी उठला आणि म्हणाला, “सह्या उद्या करू शेट. आज नाय बरं वाटत.” दोघे गेले. भागोजी उठून आत गेला आणि कोणी न सांगता बल्ब जोडून देऊन, चपला हातात घेऊन तोही गेला.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि पाट मांडले, दोन. मला पाट कुठे ठेवतात ते ठाऊक नव्हते, तिने बोटाने दाखवले. ती आधी बसेना. मग बसली, तोंड भिंतीकडे करून. वाढले तिनेच, माझ्या हातून सांडले असते. आणि वाढताना सवयीने खरवड तिने आपल्या पानात घेतली.

मी पाने बदलली. तिने आपले पान धरून ठेवले, मी सोडले नाही. खरवड करपलेली होती आणि दाढेत अडकत होती. कडू लागते, असे मी म्हणालो.

“सवय होते,” ती म्हणाली.

आज सकाळी साक्षीदार परत आल्यावर त्यांच्यासमोर कलम सहाव्यात एक दुरुस्ती केली. ‘माझ्या मृत्यूनंतर तिने रोज’ यातील पहिले दोन शब्द खोडून तेथे ‘कालपासून’ असे घातले आहे. खाडाखोड माझ्या हातची आहे, बाजूला सही केली आहे. बाकी मजकूर कायम.

मुक्काम महाड, श्रावण शुद्ध पक्ष, शके १८५६, तारीख १२ ऑगस्ट १९३४.

सही: यज्ञेश्वर विठ्ठल शेट्ये

आमच्यासमक्ष वाचून, दुरुस्ती करून सही केली:
वासुदेव गणेश चांदोरकर, निवृत्त शिक्षक, महाड
येसाजी बाबाजी सावंत, शेती, सव (निशाणी डावा अंगठा)