बँडेजची गाठ

सोमवार, ४

नर्सिंग कॉलेजात नीतिशास्त्राच्या तासाला मॅडमनी फॉर्म वाटले. बावीस प्रश्न. सातवा — रुग्णाविषयी निर्णय घेताना तुमच्या घरच्या श्रद्धेचा प्रभाव पडतो का? मी ‘अजिबात नाही’वर खूण केली. माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीनं, चिमणीनं, ‘पूर्णपणे’वर. ती इंजेक्शन देण्याआधी डोळे मिटून पुटपुटते. पेशंटला वाटतं, हिला सुई दिसतच नाही!

आईचा फोन. ‘धागा आहे ना गं?’ ‘आहे.’ आहेच — कंपासपेटीत. तिनं निघताना मनगटावर बांधलेला; इथे आल्या दिवशी दातांनी गाठ सोडवून ठेवला. ‘हातात आहे का’ असं ती कधी विचारत नाही.

बुधवार, ६

खाट नऊ. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या. ऑपरेशनआधीची यादी मी भरत होते. कवळी काढली. बांगड्या काढल्या. मनगटावर काळा धागा. आजी औषधाच्या गुंगीत. कापला, जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला, यादीवर खूण केली. सहा मिनिटांत सगळं.

नियमावली, पान एकतीस : धागा ऑपरेशनच्या जागेपासून लांब असेल तर चिकटपट्टीखाली झाकावा. कापायचाच तर विचारून, आणि घरच्यांच्या हाती द्यावा. हे पान मी वाचलेलं आहे. आठवलं संध्याकाळी.

गुरुवार, ७

ऑपरेशननंतर नीट जाग आल्यावर आजींनी आधी मनगट चाचपलं. ‘माझा धागा?’

‘बघते.’

‘बघ गं मुली. धाकट्या बहिणीनं बांधलेला. ती गेली मार्चात.’

पिशवी सकाळीच भट्टीत गेली होती. जेवल्या नाहीत. रक्तदाब १७०/१००.

चिमणी म्हणाली, ‘सांगून टाक. खोटं बोलणं पाप आहे.’ म्हटलं, ‘तुझ्या पापपुण्यानं रक्तदाब उतरत नाही.’ एक गोष्ट तिच्याशी बोलले नाही — खरं सांगितलं तर चुकांच्या वहीत माझं नाव लागणार, आणि पुढच्या महिन्याची ऑपरेशन थिएटरची ड्यूटी जाणार. दोन वर्षं मी त्या ड्यूटीसाठीच घासते आहे.

शुक्रवार, ८

आजी झोपल्या असताना कंपासपेटीतला धागा त्यांच्या मनगटावर बांधला. तोही काळा, तोही सुती, तेवढाच विटलेला.

उठल्यावर हात डोळ्यांजवळ नेला. ‘सापडला?’

‘हो.’

बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बरं.’

चार वाजता १३८/८४. तक्त्यावर लिहिलं. आकडा खरा आहे.

शनिवार, ९

चिमणीनं आजींसाठी प्रार्थना केली. ‘तुझ्यासाठी नाही केली,’ असं मुद्दाम सांगितलं.

रविवार, १०

आजी भेटायला आलेल्या नातीला म्हणाल्या, ‘ही पोर फार काळजीनं काम करते हो.’ बोलताना नजर माझ्यावर. मी ट्रे उचलून बाहेर आले. ट्रे रिकामा होता.

मंगळवार, १२

उद्या त्या घरी जाणार. सकाळी पडदा ओढला आणि सांगितलं. ‘आजी, हा धागा तुमचा नाही.’

‘ठाऊक आहे.’

मनगट माझ्यापुढे धरलं. ‘गाठ बघ. दोन्हीकडून सारखी, सपाट. माझ्या बहिणीला जन्मात धड गाठ मारता आली नाही. तू मला बँडेज बांधलंस!’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू कधी बोलतेस ते बघत होते. चार दिवस लावलेस.’ थोडं थांबून, ‘माझा कुठाय?’

‘जळाला. मी न विचारता कापला.’

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ड्रेसिंगचं सामान लावून झालं तरी तशाच. मग, ‘आणि हा कुणाचा?’

‘माझा. आईनं बांधलेला.’

‘हातातला काढून दिलास?’

‘नाही. कंपासपेटीत होता.’

‘म्हणजे तुलाही नकोच होता.’ हात पुढे केला. ‘काढ.’ मी कात्री उचलली. ‘कात्री ठेव खाली! सोडव.’

गाठ लगेच सुटली. म्हणूनच आम्हाला ती गाठ शिकवतात.

नंतर वॉर्डच्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी वही काढली. ‘स्वतः सांगितलंस म्हणून ओरडत नाही,’ म्हणाल्या. पण थिएटरची ड्यूटी गेली.

बुधवार, १३

आजी घरी गेल्या. चिमणीचा गालगुच्चा घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

गुरुवार, १४

मॅडमकडे फॉर्म परत मागितला. जमा झाला म्हणाल्या. ‘काय बदलायचं होतं?’ ‘सातवा,’ म्हटलं.

सोमवार, १८

आईचा फोन. ‘धागा आहे ना गं?’

‘आहे. पण हातात नाही, आई. इथे आल्या दिवसापासून नाही.’

‘हातात आहे का, असं मी एका तरी सोमवारी विचारलं?’ ती म्हणाली.

फोन तिनं ठेवला नाही. मीही नाही.