भागीरथीबाईंचा अर्ज

४ डिसेंबर १९३५, मुरबाड

हे आज पुन्हा भागीरथीबाईंकडे गेले. धुवट धोतर, लग्नकार्यातला कोट! परतल्यावर विचारलं, एवढं काय काम? म्हणाले, "कमिटीचं. तुला नाही कळायचं."

न कळायला काय झालं? म्हसा रस्त्यावर दारूचा गुत्ता काढू द्यायचा की नाही, हे कमिटीत ठरायचंय, म्हशाच्या जत्रेच्या आधी. मामलेदार अध्यक्ष, हे सभासद. आणि भागीरथीबाई — मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, विधवा, उन्हाळ्यात कल्याणहून आलेल्या — गुत्ता नको म्हणून अर्जावर बायकांच्या सह्या-अंगठे घेत हिंडतात. पण त्यासाठी ह्यांनी त्यांच्या ओट्यावर तासन् तास बसायचं? माझ्याशी तर जेवताना "मीठ दे" एवढंच बोलणं!

७ डिसेंबर

ठाकरवाडीची लहानी लाकडं घेऊन आली. तिनेही अंगठा दिलाय. म्हटलं, काय गो, बाईंनी तुला काय दिलं? म्हणाली, "दिलं काय नाय. आमच्यात बसून भाकर खाल्ली. माझा पोरगा मंगळू पिऊन वाटंत पडला व्हता, त्याला आमी दोघींनी मिळून घरी आनला." सांगताना तोंड असं, जसा देवच भेटला! इतकी वर्षं ती माझ्याकडे लाकडं टाकते. माझं नाव कधी असं घेतलं असेल?

आज तिला चहा दिला नाही.

९ डिसेंबर

बाई स्वतः आल्या! उंच, सावळ्या. त्या पांढऱ्या लुगड्यातही — लिहवत नाही, पण छान दिसतात. म्हणाल्या, "वहिनी, तुमची सही हवी. तुम्ही केलीत तर पेठेतल्या बाकीच्यांना धीर येईल." मी म्हटलं, ह्यांना विचारते. त्या एकदम गप्प झाल्या. काहीतरी बोलायला गेल्या, आणि नुसतंच "बरं" म्हणाल्या.

गप्प का झाल्या? लाजल्या! दुसरं काय!

१० डिसेंबर

सही करणार नाही.

१२ डिसेंबर

आज ह्यांच्या मागोमाग गेले. कुंपणाआड उभी राहिले. हे ओट्यावर, बाई दारात. ह्यांचा आवाज अगदी मऊ — "माझं एवढं ऐका. तुम्हाला काही कमी पडू देणार नाही."

मला असं कधी म्हणाले नाहीत. एकदाही नाही! बाई काय उत्तर देतात ते ऐकायला थांबलेच नाही. वाटेत दोनदा ठेचकाळले.

१३ डिसेंबर

विहिरीवर ताराबाई भेटल्या. त्यांचे यजमान शाळेचा कारभार बघतात. मी एवढंच म्हटलं, "संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर पुरुषमाणसं बसतात म्हणे." नाव कुणाचं घेतलं नाही. ताराबाईंनी भरली कळशी खाली ठेवली. "अगो बाई! आनि आमच्या पोरी तिथं शिकाया जातात!"

माझी कळशी उचलून तडक घरी आले. पण खरं लिहायचं तर — बरं वाटलं.

१७ डिसेंबर

गावभर झालं. पेठेतल्या बायकांनी कचेरीत निरोप धाडले, असल्या बाईच्या अर्जावर आमची नावं नकोत! मुलींना शाळेत पाठवायचंही थांबवलं. बाईंची बदली होणार, शहापूरला.

हे त्या दिवसापासून तिकडे फिरकले नाहीत. आज दुसऱ्यांदा आमटी मागितली, वर "झकास झालीय" म्हणाले. मी जिंकले!

२० डिसेंबर

कमिटी झाली. लहानी जाऊन आली. पायरीवर बसून सांगत होती — "पेठेतली एक बी बाय नाय आली. आमी पाड्यावरच्याच. मामलेदार बोलला, गावाची हरकत कुठं हाय? बाई बोलल्या, पोरी त्याच रस्त्यानं शाळेत येतात. तं एक जण मोठ्यानं हसला. बोलला, पोरींची काळजी तुमी नका करू." गुत्ता मंजूर झाला.

दुपारच्या मोटारीने बाई गेल्या. ट्रंक लहानीने डोक्यावरून नेली. मोटार आमच्या दारावरूनच जाते. मी दार लावून घेतलं होतं.

२१ डिसेंबर

परवाना देवजीच्या नावावर निघाला. देवजी — माझा धाकटा दीर! नाव त्याचं, गुत्ता ह्यांचा. सकाळीच पेढे आणले. मला म्हणाले, "किती खेपा घातल्या त्या बाईकडे! अर्ज मागे घ्या म्हटलं, हवं ते देतो म्हटलं. ऐकेचना. आणि तू विहिरीवर ताराबाईंपाशी एक वाक्य बोललीस, काम झालं!" माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.