कासवापासून बचावाची योजना

सोमवार, ४ मार्च. सकाळ
टोमॅटोच्या वाफ्यात दगड. काल नव्हता. जवळ गेलो. दगडाला डोकं आहे.

जरा वेळानं
घरात आहे. दोन्ही कड्या लावल्या. घाबरलो वगैरे नाही. सगळी नोकरी केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली. ॲसिडची टाकी फुटली तेव्हासुद्धा आधी हूटर वाजवला, मग पळालो. नियम साधा: धोका ओळखा, धोका वेगळा करा, वरिष्ठांना कळवा. ओळखला. कासव आहे. रानटी.

नेमकं याच आठवड्यात यायचं होतं मेल्याला! ही गेल्यापासून लेकीचा एकच धोशा: बाबा, घर बंद करा, माझ्याकडे चला. शेवटी मीच पैज लावली. एक आठवडा तू येऊ नकोस, मी फोन करणार नाही, मजेत राहून दाखवतो. रविवारी ती बघायला येणार. मी डळमळलेला दिसलो तर बॅग भरायची, असं ठरलंय. या घरातून मी हलणार नाही. म्हणजे कळवायला वरिष्ठ नाहीत. वरिष्ठ मीच.

मंगळवार, ५ मार्च
हेल्मेट, गमबूट, कोपरापर्यंत हातमोजे घालून पाहणी केली. कासव बागेच्या दुसऱ्या टोकाला झाडाखाली होतं. नळाशेजारी कुंपणाला खालून फट आहे, तिथूनच घुसलं. विटा रचून फट पक्की बंद केली. आता आणखी कासवं येणार नाहीत. याला म्हणतात प्लॅनिंग!

वाफ्याभोवती लाल-पांढरी टेप लावली. कासव टेपखालून निघून गेलं. शिस्त म्हणून नाही.

बुधवार, ६ मार्च
कासव विटांना ढुसण्या देतंय. कुंपण पाडायचा डाव दिसतो. मग कडेकडेनं सगळ्या बागेला फेरी मारली. चोरही आधी असंच बघून जातात. तिथून थेट मागच्या दाराशी. दार खरवडलं!

डायनिंग टेबलावर जेवलो. म्हणजे टेबलावर बसून. वरून नजर चांगली राहते. छातीत धडधडतंय, चहा जास्त झाला असावा. ही म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. कोणाबद्दल म्हणायची ते आठवत नाही.

गुरुवार, ७ मार्च
नवी योजना. कासव बादलीत, बादली गाडीत, गाडी शहराबाहेरच्या तळ्यावर. फावड्यानं सारायला गेलो तर ते फुसकारलं. बादली माझ्याच पायावर पडली. शिस्तीत माघार घेतली. गमबूट एक बागेत राहिला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. माझ्या एका मित्राच्या बागेत कासव आलंय, मित्र जरा घाबरट आहे, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मित्राला सांगा, कासवाला उचलून लांब नेऊ नका. त्या जिवाला आपली जागा, आपली वाट पाठ असते. लांब सोडलं तर जन्मभर घर शोधत फिरतं. आलं तसं जाईल. वाट मोकळी आहे ना? मी म्हटलं, मित्राला विचारून सांगतो.

शुक्रवार, ८ मार्च
विटा काढायच्या. निर्णय पक्का. पण कासव विटांपाशीच ठाण मांडून बसलंय. उद्या.

शनिवार, ९ मार्च
कंबर धरली आहे. वाकायला डॉक्टर नको म्हणतील. विचारलं नाही, पण म्हणतीलच. हेल्मेट दिवसभर डोक्यावर. सवय राहावी म्हणून.

रविवार, १० मार्च. दुपार
लेक आली. मी टेबलावर होतो. बल्ब पुसतोय म्हटलं. बल्ब खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे तिनं दाखवून दिलं. मग बागेतली टेप बघितली, एकटा गमबूट बघितला, विटा बघितल्या. साध्या चपलांवर गेली आणि विटा काढल्या. कासवानं इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. निघून गेलं. लेक म्हणाली, बाबा, ते आठवडाभर बाहेर जायलाच धडपडत होतं.

मग हळूच म्हणाली, बॅग काढू का?

इथं डॉक्टरीणबाई कामाला आल्या. म्हटलं, ज्याला आपली जागा पाठ आहे त्याला उचलून लांब नेऊ नये. जन्मभर घर शोधत फिरतो. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट लेकीनंच काढलं. म्हणाली, बरं, राहा इथंच.

जिंकलो! चहा पिऊन ती गेली. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो, अगदी ताठ.

संध्याकाळ
बाग रिकामी. कासव नाही. फटीतून वाकून पलीकडेही पाहिलं, नाही. आता भ्यायचं काही कारण उरलेलं नाही.

दिवे सगळे लावलेत. फ्रिज घुरघुरतोय. हिच्या खुर्चीवर वर्तमानपत्रं ठेवली, रिकामी दिसू नये म्हणून. टेबलावर बसलोय. पाय खाली सोडायला धीर होत नाही. म्हणजे ते कासवाचं नव्हतंच.

नियम तिसरा राहिला होता. वरिष्ठांना कळवा. फोन लावला. नीट पोचलीस ना, एवढंच विचारायचं होतं. लेक म्हणाली, बाबा, परत येऊ का? मी ठणकावून सांगितलं, काही गरज नाही.

मग विचारलं, कधीपर्यंत पोचशील?