‘लिटल’ आणि ‘अ लिटल’

१ मार्च १९५४
आजपासून रोज पहाटे पाचला उठून इंग्रजी. मोठ्या बाबूच्या जागेसाठी खात्याची परीक्षा वीस तारखेला. आमच्या कोष्टीपुऱ्यात माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही. काळजी नाही.

२ मार्च
सातला जाग आली. उद्यापासून नक्की.

६ मार्च
अभ्यासासाठी रजेचा अर्ज दिला, ‘आय वॉन्ट फ्यू डेज लीव्ह’. कचेरीतले वरिष्ठ मनोहररावांनी ‘फ्यू’भोवती लाल गोल काढून परत केला. म्हणाले, जागेश्वर, व्याकरणाचा चौदावा धडा बघा. बघायचंय काय त्यात? फ्यू म्हणजे थोडे. मत्सर, दुसरं काय.

११ मार्च, सायंकाळ
रामटेकपलीकडच्या मिशन दवाखान्यातून पत्र. बाबा दोन महिन्यांपासून तिथं आहेत, छातीचं दुखणं. डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत दोनच ओळी लिहिल्यात. ‘देअर इज लिटल होप. ही हॅज फ्यू डेज.’ मायला अर्थ सांगितला: थोडी आशा आहे, अजून काही दिवस ठेवून घेतील.
माय म्हणाली, “मले उद्याच घेऊन चाल गा.”
परीक्षा झाल्यावर जाऊ, म्हटलं. आशा आहे तर घाई कशाला?

१५ मार्च
माय रोज विचारते, “काहून नाही जाऊन राहिलो आपण?” अभ्यासात व्यत्यय. आज पत्र पुन्हा वाचून दाखवलं. ‘होप’ म्हणजे आशा, हे आता तिलाही कळतं. त्या शब्दाला तिनं हात जोडले.

२० मार्च, सकाळी ६
चौदावा धडा शेवटी उघडला. ‘अ लिटल’ म्हणजे थोडंसं आहे. ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच. फ्यूचंही तसंच.
पत्र काढून पाहिलं. ‘अ’ नाही. दोन्हीकडे नाही.
डॉक्टरीणबाई घाईत असतील. मोठी माणसंही विसरतात. मायला बोललो नाही. परीक्षेला निघतो.

दुपार
प्रश्न तिसरा: ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांतला फरक उदाहरणासह लिहा. बरोबर लिहिला. उदाहरण दुसरं सुचेना. डॉक्टरीणबाईंचंच वाक्य दिलं.

२१ मार्च
पहिल्या मोटारीनं गेलो. मायनं तिळाचे लाडू बांधून घेतले होते. खाट रिकामी, गादी उन्हात टाकलेली. बाबा गुरुवारीच गेले. दोन दिवस वाट पाहून काल दवाखान्याच्या माणसांनी अग्नी दिला. आम्हाला कळवलेलं पत्र अजून वाटेतच होतं. नर्सबाई म्हणाल्या, शेवटपर्यंत दारात कुणाचा पाय वाजला की विचारायचे, “आले काय?”
लाडू मायनं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिले.

२४ मार्च
आज माय म्हणाली, “त्या बाईनं खोटं काहून लिहिलं असंन गा? आशा आहे म्हणून?”
सगळं सांगायचं ठरवूनच तोंड उघडलं. डॉक्टरांचाही अंदाज चुकतो कधी, असं बाहेर पडलं.
“तुले तरी काय माहीत,” ती म्हणाली. “जे लिहिलं होतं तेच तू वाचलं.”
मग माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.