पाठीवरची बॅग

३ सप्टेंबर
घुसलो एकदाचा! आजपासून मी आणि थिओ वास्को, दोघंही या फ्रॅटर्निटीचे, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या मंडळाचे, उमेदवार. पांढऱ्या खांबांचं घर, व्हरांड्यात उसवलेला सोफा, मागे बर्गर भाजल्याचा धूर. थिओ माझ्याच गावचा. यायला तयार नव्हता, मीच ओढत आणला. सामान उतरवताना त्याच्या आईने माझ्या हातात ब्राउनीचा डबा दिला आणि म्हणाली, एमेट, हा भिडस्त आहे, लक्ष असू दे रे. मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो.

२० सप्टेंबर
उमेदवारांना इथे कुत्रं विचारत नाही. दात घासायच्या ब्रशने जिने घासतो, सीनियरांचे मोजे धुतो. आमच्यावर नेमलेला सीनियर ग्रेडी वरून ओरडतो, गोगलगायींनो, आईला बोलावू का मदतीला? थिओ म्हणाला, सोडून देऊ या. मी सगळ्यांसमोर त्याला भित्री भागूबाई म्हणालो. पोरं खिदळली. तो राहिला.

१२ ऑक्टोबर
काल प्रत्येक उमेदवाराला एकेक सीनियर 'मोठा भाऊ' म्हणून मिळाला. मोठ्या भावाने व्हिस्कीची बाटली द्यायची, धाकट्याने ती संपवायची, अशी रीत. मी अर्धी गुपचूप कुंडीत ओतली. थिओने इमानदारीने संपवली आणि कोसळला. ग्रेडीने घरातली जुनी युक्ती सांगितली. कुशीवर निजवायचं, पाठीला पुस्तकांनी भरलेली बॅग बांधायची. मग माणूस उताणा होत नाही, उलटी घशात अडकत नाही. बॅगेत माझीच रसायनशास्त्राची पुस्तकं भरली, पट्टेही मीच आवळले. थिओ पुटपुटला, एमेट, फोन कर. ग्रेडी म्हणाला, अॅम्ब्युलन्स आली तर घराला टाळं लागेल. मी थिओला म्हणालो, काही होत नाही रे, मी आहे ना. आणि झोपायला गेलो.

सकाळी बॅग जागची हलली नव्हती. थिओ गार पडला होता.

२३ ऑक्टोबर
जिकडेतिकडे वाद. वर्तमानपत्रं म्हणतात, असली घरं बंद करा. माजी सदस्य म्हणतात, यातूनच पोरं घडतात, बळजबरी कुणी केली? ग्रेडीने आम्हाला पढवलंय, तो आपणहून प्यायला आणि शांत झोपला. आज थिओची आई आली. माझे हात धरून विचारलं, काही मागितलं का रे त्याने? मी म्हणालो, नाही, शांत झोपला होता. तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, तू होतास जवळ, तेवढंच बरं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंघोळ करताना माझ्याच खांद्यांवर बॅगेच्या पट्ट्यांचे वळ दिसले.

२ नोव्हेंबर
पोलिसांना तेच सांगितलं. वडिलांनाही. खोटं बोललो की पाठीवर एक पुस्तक वाढतं. आरशात काही दिसत नाही. वाकून चालतो — पोरं म्हातारबा म्हणतात —

५ नोव्हेंबर
आज कॉलेजची चौकशी. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. समोर त्याची आई. ग्रेडीने नुसतं बघितलं — शांत झोपला होता, म्हणालो — लाज वाटते लिहायला — पायऱ्या रांगत उतरलो —

५ नोव्हेंबर, दुपारी
कुशीवर पडलोय. वळता येत नाही. पट्टे छातीत रुततायत — तोंडात व्हिस्की, मी थेंबही घेतला नाही — फोन टेबलावर, हात पोचत नाही — ग्रेडी दारात आला. म्हटलं, फोन कर. तो म्हणाला, काही होत नाही रे, मी आहे ना — दार लावून गेला — थिओ, तुलाही तेव्हा असंच —