उघड्या तोंडाचे श्रोते

आदरणीय भावोजी,

आधी तुम्हाला नमस्कार, मग ताईला, मग दोघांच्या तब्येतीची चौकशी, या क्रमाने पत्र सुरू करावं असं आईने लहानपणी शिकवलं, म्हणून तसं करतो. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईची मान कशी आहे? ती अजून उशीशिवाय झोपते की पुन्हा दोन उशा घेऊ लागली? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे. मुलं ठीक आहेत, त्यांची आई ठीक आहे, दवाखाना ठीक आहे. मी मात्र पंधरा दिवसांत दोन किलो उतरलो आहे आणि त्याचं कारण पोटात नसून मनात आहे. (ताईला वजनाचं सांगा, मनाचं सांगू नका. ती लगेच निघून येईल.)

दर वर्षी या सुमाराला मी तुम्हाला तीन बँडची नावं कळवतो आणि तुम्ही मला तीन. अट तुम्हीच घातलेली: बँडच्या मागे कुठली कंपनी नसावी, गाणी त्यांची त्यांनी लिहिलेली आणि रेकॉर्ड केलेली असावीत, आणि नाव सांगितल्यावर दहातल्या नऊ जणांनी ‘कोण?’ असं विचारावं. (दहावा विचारत नाही, कारण तो त्या बँडमधल्या कुणाचा तरी मेहुणा असतो.) यंदाचे पहिले दोन उरकून घेतो. ‘पत्ता बदलला आहे’ हा बँड म्हणजे एक गिटारवाला आणि त्याची आई. आई अकॉर्डियन वाजवते आणि दोन गाण्यांच्या मधे पोराला सगळ्यांदेखत बोलते, पोक काढून उभा राहू नकोस म्हणून, आणि ते बोलणंही त्यांनी रेकॉर्डमध्ये तसंच ठेवलं आहे. त्यांचं चौथं गाणं, सोडून आलेल्या खोलीत राहून गेलेल्या खिळ्यांवरचं, सावकाशीने ऐका. दुसरा बँड ‘अर्धा डझन’. त्यात चौघेच आहेत. दोघे भांडून गेले आणि त्यांच्या वाटचं वाजवायला उरलेल्यांनी साफ नकार दिला, त्यामुळे गाण्यांत मधेमधे मोकळ्या जागा आहेत. मला विचाराल तर त्या जागाच सगळ्यांत सुरेल आहेत.

तिसरा बँड ‘सुटे भाग’. हे पत्र खरं तर त्यांच्यापायी लिहितो आहे.

तिघे आहेत. बेस वाजवणारा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे कुणी कुठे अडकलं की सराव अर्धा टाकून पळतो. ड्रम वाजवणारे गुरुजी शाळेत भूमिती शिकवतात आणि वाजवताना समोरचा कॉपी करतो आहे की काय अशा नजरेने बघतात. गाते आणि गाणी लिहिते ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. चाळिशीची असेल. कमी बोलते, आणि गाताना डोळे मिटून घेते. माझा चष्मा तिच्याकडेच होतो. चार वर्षांपूर्वी फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता तिने मला त्यांची रेकॉर्ड दिली, ती मी दवाखान्यात लावली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

शिफारस करणाऱ्याचं दुःख तुम्हाला सांगायला नको. आपण जीव तोडून सांगतो आणि समोरचा म्हणतो, ‘पाठवा, ऐकतो.’ या दोन शब्दांखाली किती चांगले बँड गाडले गेले असतील याची गणती नाही. पण दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलेला माणूस ‘ऐकतो’ म्हणून सटकू शकत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तोंड उघडं, आत कापूस, गालात लाळ ओढणारी नळी, वर दिवा. मी त्यांचं पहिलं गाणं इंजेक्शनला लावायचो, दुसरं जबडा बधिर होईपर्यंत, आणि तिसरं, ‘शेवटची ओळ’ नावाचं, पुढच्या कामाला. ते सात मिनिटांचं आहे, संथ आहे, आणि किडलेली दाढ कोरायला सात मिनिटं अगदी बरोबर लागतात. कोरता कोरता मी म्हणायचो, आता बेस ऐका. पेशंट ‘आँ’ म्हणायचा. कसं वाटलं, विचारलं की पुन्हा ‘आँ’. ते मी पसंती म्हणून धरत गेलो. माझ्या मदतनीस बाई (वीस वर्षं माझ्याकडे आहेत, यंत्राचा आवाज सोसत नाही म्हणून कानात कापसाचे बोळे घालून काम करतात) एकदा म्हणाल्याही, ‘डॉक्टर, गाणं सुरू झालं की लोक खुर्चीचे हात आवळतात हो.’ मी त्यांना सांगितलं की बाई, याला मन हेलावणं म्हणतात. किती शहाणं असावं माणसाने, भावोजी.

दोन महिन्यांपूर्वी चष्म्याची काच बदलायला गेलो तर ती म्हणाली की आता बहुतेक थांबणार आम्ही. रंगाच्या दुकानामागची सरावाची खोली मालकाला डबे ठेवायला हवी आहे, हे एक. दुसरं म्हणजे चार वर्षांत एका कार्यक्रमाला सरासरी नऊ माणसं आली, त्यातली तीन लिफ्टवाल्याच्या घरची. गुरुजींचं म्हणणं पडलं की शेवटचा एक कार्यक्रम करू, साठ माणसं आली तर दुसरी खोली शोधू, नाही तर ड्रम विकून मोकळे होऊ. हे सगळं तिने माझ्या काचेवर फुंकर मारत, पुसत, अगदी साध्या आवाजात सांगितलं. पण पुसून झालेली काच ती पुसतच राहिली. मला ते बघवेना. मी म्हटलं, साठ माणसं मी आणतो. जीभ घसरली. (जीभ हा माझा विभाग नाही, मी फक्त दात बघतो.)

साठ माणसं आणणं सोपं निघालं. मी पेशंटना फोन लावले. ज्याची दाढ अर्धी कोरून ठेवली आहे तो माणूस आपल्या डॉक्टरला नाही म्हणत नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट नाही. चौसष्ट जण आले. वाचनालयाच्या वरचा हॉल, घडीच्या खुर्च्या, पुढे तीन दिवे. मी शेवटच्या रांगेत बसलो. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या पुढच्या बाईंनी डोळे घट्ट मिटले. दुसऱ्या गाण्याला लोक आपापले गाल चाचपू लागले, बधिर झालेत का ते बघायला. मग गुरुजींनी काठ्या खाली ठेवल्या, लिफ्टवाल्याने एकच तार छेडली, आणि ‘शेवटची ओळ’ सुरू झालं.

भावोजी, त्रेसष्ट तोंडं उघडली. एकाच वेळी. घडीच्या खुर्चीला हात नसतात, म्हणून लोकांनी शेजाऱ्यांचे दंड धरले. तिसऱ्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक मान मागे टाकून छताकडे बघत बसले, जबडा पूर्ण उघडा. (खालची उजवी सहावी, तीन बैठका.) बँकेतल्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोघं उठून बाहेर गेले आणि बेसिनवर खळाखळा चूळ भरून परत आले. त्या गर्दीत एकच माणूस तोंड मिटून, पुढे झुकून ऐकत होता, आणि त्या माझ्या मदतनीस बाई. कानातले बोळे काढून त्यांनी मांडीवर ठेवले होते. माझ्याकडून दात त्यांनी वीस वर्षांत एकदाही तपासून घेतलेले नाहीत. रोज बघतात ना.

आणि नेमके त्याच दिवशी चष्मेवाल्या बाईंनी डोळे उघडले. समोर चौसष्ट माणसं एकमेकांना धरून बसलेली, निम्मी रडणारी. शेवटचं कडवं तिने दोनदा गायलं, त्यामुळे लोकांचे हाल आणखी वाढले. गाणं संपलं तरी कुणी हलेना, टाळी वाजेना. तेव्हा शरमेने सांगतो, सवयीने मी उठलो आणि मोठ्याने म्हणालो, ‘झालं. भरा चूळ.’ तशी सगळी माणसं सुटकेचा निःश्वास टाकून उभी राहिली आणि मग टाळ्या थांबेचनात. ती मागाहून माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘डॉक्टर, मला वाटायचं हे गाणं माझ्यापुरतंच आहे. आज कळलं.’ गुरुजींनी त्याच आठवड्यात दुसरी खोली बघितली.

घरी आलो आणि तेव्हापासून घास घशाखाली उतरेना. चांगल्या कामासाठी केलं, बँड वाचला, असं मनाला समजावून पाहिलं, पण मन काही पेशंट नव्हे. तिला जे मिळालं ते तिचं नव्हतं, माझ्या ड्रिलचं होतं. हे तिला सांगायचं धाडस होईना आणि न सांगता आरशात बघवेना.

मग गेल्या सोमवारी तीच दवाखान्यात आली. अक्कलदाढ सुजलेली. चार वर्षांत पहिल्यांदा मी गाणं लावलं नाही. मी इंजेक्शन दिलं, कापूस ठेवला, नळी लावली, आणि तिला बोलता येणार नाही याची पक्की खात्री झाल्यावर सगळं सांगून टाकलं. भित्रा माणूस कबुली देतो तीही समोरच्याचं तोंड बंद करून. (इथे उघडं करून, पण अर्थ तोच.) तिने माझ्याकडे बघितलं आणि ‘आँ’ म्हणाली. इतकी वर्षं त्या आवाजाचा अर्थ मी बेधडक लावत आलो, त्या दिवशी मात्र लावता आला नाही.

चूळ भरायला तिने फार वेळ घेतला. मग विचारलं, ‘चौसष्टांत एकही नव्हता का?’ मी बाईंचं सांगितलं. ती दारात उभ्या असलेल्या बाईंकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘एक झाला. मला साठ नकोत. काही दुखत नसताना गाणं ऐकतील अशी पाच माणसं आणा. त्यांच्यासमोर एकदा गाते. तोवर मी बँडमधल्या दोघांना सांगत नाही, पण त्यानंतर चालू ठेवायचं की नाही ते मी ठरवीन.’ चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

तर असं आहे सगळं. ताईला माझा नमस्कार, मानेला शेक द्यायला सांगा. तुमच्या तीन बँडची नावं अजून आली नाहीत, तेवढी सवडीने पाठवा.

तुमचा,
वजन उतरलेला मेहुणा

ता. क. सवडीने नको. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने या. तीस वर्षांत तुम्ही माझ्यासमोर एकदाही तोंड उघडलेलं नाही, सगळी कवळी परक्या डॉक्टरकडून करून घेतलीत, याचा मी आजवर मनात राग धरला होता. तो राग आज मी मागे घेतो. आमच्या सगळ्या नात्यात मी न छळलेला संगीतप्रेमी असा तुम्हीच उरला आहात. सकाळी तुमच्याबरोबर फिरायला येणारे ते मोजणी खात्यातले गृहस्थ, ज्यांना काहीच आवडत नाही, त्यांनाही आणा. आणि त्यांचे ते एक न बोलणारे मित्र. म्हणजे बाईंना धरून चार झाले.

ता. क. २. ताई येते म्हणेल. जरूर आणा, पण तिला पाचांत धरता येणार नाही. मागच्या वर्षी तिला कॅप बसवली तेव्हा तिसरं गाणं चालू होतं. मला वाटलं होतं तिला फार आवडलं.

ता. क. ३. पाचवा मी, असं मी तिला म्हटलं होतं. तिने एवढंच विचारलं, ‘गाणं कशावर आहे, डॉक्टर?’ मला सांगता आलं नाही. चार वर्षं आल्यागेल्याला त्या गाण्याची शिफारस केली, पण ड्रिल चालू असताना शब्द कुणाला ऐकू येतात? काल दुपारी दवाखाना बंद केला, रिकाम्या हातांनी पेशंटच्या खुर्चीत बसलो आणि ते पहिल्यांदा ऐकलं. एका म्हातारीची नजर जात चालली आहे. तिची मुलगी चष्म्याच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता घरी आणून तिच्यासमोर धरते. आई वाचते ते सगळं चुकतं, आणि मुलगी प्रत्येक ओळीला ‘बरोबर’ म्हणते. शेवटच्या ओळीला आई काही वाचतच नाही, नुसती बसून राहते, तरी मुलगी ‘बरोबर’ म्हणते. भावोजी, तुम्ही जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलीत, कुणाच्या भिडेखातर एक चूक सोडली नाहीत. रविवारी ऐका, आणि गाणं आवडलं नाही तर तिला तसं तोंडावर सांगा. तिला बरोबर म्हणू नका. ते माझं पुष्कळ म्हणून झालं आहे.