पाच किलोची पेटी

प्रिय दाजी,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज लिहायला बसलोय. परवा दहिवडीला, तुमच्या घरी, विमान अपघाताच्या चौकशीचा अहवाल आला. विमान शेपटीकडे जड झालं, उडताच नाक वर गेलं आणि सावरलं नाही, असं लिहिलंय. भाराच्या कागदावर शेवटची सही तुमची. अक्कानं अहवाल दोनदा वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "ह्यांचंच चुकलं म्हणायचं. संगं ती दोन पायलट पोरंबी न्हेली."

मी तो अहवाल उचलून कपाटात ठेवला. तुमचा मेव्हणा असा आहे बघा.

हवाई दलातून निवृत्त होऊन तुम्ही मालवाहू विमानावर मालाचा तोल बघायला लागलात आणि मलाही तिथल्या गोदामात चिकटवलंत. "पाव्हणं, तासगावच्या द्राक्षांबिगर तुमाला काय कळतंय?" असं चारचौघांत चिडवायचात. पण कुठला माल पुढे, कुठला मागे, इंधनाचंही वजन धरावं लागतं, हे सगळं शिकवलंत तुम्हीच.

त्या दिवशी गोदामातला वजनकाटा बंद होता. द्राक्षं आपल्याच भागातली, पेट्यांवर पाच किलो छापलेलं. मी पेट्या मोजल्या, पाचनं गुणलं आणि आकडा लिहिला. तुम्ही विमानाच्या दारातून विचारलंत, "पाच किलोच्याच न्हवं? समद्या मागं टाकतोय, इंधनाच्या टाक्याबी भरल्यात."

"व्हय दाजी, आपल्याच हायत की."

आपल्याच! म्हणून तर मला कळायला हवं होतं. वाटेत सुकून वजन घटू नये म्हणून आमच्याकडे प्रत्येक पेटीत एखादा घड जादाच घालतात. लहानपणापासून मीही घालत आलोय. शिवाय खोक्यांचं वजन, खालच्या लाकडी फळ्यांचं वजन. हजारभर पेट्यांचं ते जादा ओझं मी विमानाच्या शेपटीत चढवलं आणि तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत.

पुन्हा का नाही विचारलंत, दाजी? एरवी माल बांधलेली एकेक दोरी ओढून बघायचात. बायकोच्या भावाला दोनदा विचारलं तर त्याला राग येईल, असं वाटलं का? मला तुमचा राग येतो, आणि मग स्वतःची लाज वाटते. चौकशीवाल्यांनी विचारलं तेव्हा मी "काटा बंद होता" एवढंच सांगितलं. जादा घडाचं माहीत असून बोललो नाही.

उद्या अक्का साताऱ्याला निघालीय, धाकट्या पायलटच्या आईची माफी मागायला. तुमच्या वतीनं. त्या माउलीला काय म्हणायचं, हे सकाळपासून मनाशी जुळवतेय.

शब्द देतो, दाजी. हे पत्र संपलं की उठून तिला सगळं सांगतो. त्या दारात ती जाणार नाही, मी जाईन. मग चौकशीवाल्यांना गाठून त्या चुकीपुढे माझं नाव लिहून घेईन. त्यानंतर अक्कानं मला भाऊ म्हणावं की नाही, ते तिनं ठरवावं. पण तुमच्या फोटोपुढे ती आता खाली मान घालून बसणार नाही.

तुमचा मेव्हणा,
संजय